उन्हाळी टायरांचा तुलनात्मक तक्ता

तक्तेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. सरकारी भांडार विभागात त्यांनी चौतीस वर्षं तुलनात्मक तक्ते तयार केले, म्हणून ऑफिसातल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं आणि निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छाबरोबर ते नावही घरी आलं. तुलनात्मक तक्ता म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगायला हवं. सरकारला टाचण्या हव्या असल्या की चार दुकानदारांकडून टाचण्यांचे नमुने मागवतात. नावं पाहून कुणावर मेहेरनजर होऊ नये म्हणून त्या नमुन्यांना अ, ब, क, ड म्हणतात. मग टोक, डोकं, लांबी, गंजण्याची प्रवृत्ती असे रकाने आखून प्रत्येकाला गुण देतात. तक्त्याच्या तळाशी उजवीकडे एक चौकट असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘निवड : सक्षम अधिकारी’. ही चौकट तक्तेसाहेबांनी चौतीस वर्षं पट्टीने सुबक आखली आणि कोरी सोडली. ती भरायचं काम वरच्या साहेबांचं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी गाडी घेतली. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची ती गाडी. लाल, दोन दारांची, दोनच सीटांची, वेगाने पळण्यासाठीच बनवलेली आणि जमिनीला इतकी लगटून की डॉक्टरांना आत बसायला एक मिनिट आणि बाहेर यायला दोन माणसं लागायची. शेवटी कंबरेने निकाल दिला आणि डॉक्टरांनी गाडी विकायला काढली. तक्तेसाहेबांनी ती लगेच घेतली, कारण नमुना एकच होता. तुलनेचा प्रश्नच उद्भवला नाही.

गाडीला दोनच सीटा आहेत याचा सर्वात जास्त आनंद तक्तेसाहेबांच्या बायकोला झाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण दोघंच अशी ती कधी कुठे गेली नव्हती. आधी सासूबाई बरोबर असायच्या, मग मुलं, मग मुलांच्या परीक्षा, मग परीक्षा संपलेली मुलं. डोंगरावरच्या गावात तिची थोरली बहीण राहायची. तिथे जाणारा घाट बेचाळीस वळणांचा, आणि तो फक्त उन्हाळ्यात खुला असायचा. उन्हाळा संपला की दुरुस्तीसाठी तो बंद करत.

“घाट बंद व्हायच्या आत ताईकडे जाऊ या,” ती म्हणाली. “दोघंच.”

“टायर बदलले की लगेच,” तक्तेसाहेब म्हणाले.

हे ते उन्हाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणाले. त्यांच्या मनात त्या वेळी काही काळंबेरं नव्हतं, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं.

टायर बदलायला झाले होते हे खरंच. टायरवाल्याने चारही टायरांवरून हात फिरवला आणि एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, “साहेब, यांच्यात आता काही राहिलेलं नाही. या गाडीला उन्हाळी टायर पाहिजेत. मऊ रबर असतं. तापल्या रस्त्याला असे धरून ठेवतात की वळणावर गाडी हलत नाही. फक्त थंडीत घालायचे नाहीत, दगड होतात.”

“उत्तम. कोणते?”

“चार कंपन्यांचे आहेत माझ्याकडे. चारही चांगले.”

“त्यांतला सगळ्यात चांगला कुठला?”

“ते तुम्ही ठरवायचं, साहेब.”

एवढ्या साध्या वाक्याने माणूस उद्ध्वस्त होऊ शकतो, याची त्या बिचाऱ्या टायरवाल्याला कल्पना नव्हती. तक्तेसाहेब चारही कंपन्यांची माहितीपत्रकं घेऊन घरी आले. बायको घरीच शिवणकाम करायची. तिचं कापडं बेतायचं लांबलचक टेबल त्यांनी रिकामं केलं, तिच्या बेतायच्या खाकी कागदातला दोन मीटर कागद फाडून घेतला आणि आखायला बसले. पकड, ब्रेक मारल्यावर थांबण्याचं अंतर, आवाज, झीज, रबराचा मऊपणा, कडेची मजबुती, नक्षी, नक्षीची खोली, वास. संध्याकाळपर्यंत सदतीस रकाने झाले. उजव्या कोपऱ्यात त्यांनी सवयीने चौकट आखली. मग सवयीने ती कोरी सोडून ते उठले आणि कुणीतरी येऊन ती भरेल म्हणून वाट पाहू लागले.

तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, “अहो, माझं टेबल कधी मिळणार?”

“प्रकरण विचाराधीन आहे,” तक्तेसाहेब म्हणाले.

ती त्या आठवड्यात जमिनीवर बसून कापडं बेतत होती, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. ते अडतिसाव्या रकान्याच्या शोधात होते.

असा शोध चालू असला की शेजारी मदतीला धावतातच. डॉक्टर खाली येऊन म्हणाले की टायर हा दातांसारखाच पाहायचा, मुळापासून. पण खरा घात केला तो तळमजल्यावरच्या फिजिक्सच्या मास्तरांनी. मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्यांचं शेवटपर्यंत कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी तक्ता वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, “तक्तेसाहेब, हे सगळं कंपन्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं आहे. ही तुलना नव्हे, ही स्तुतिसुमनं. तुलना करायची तर परिस्थिती समान पाहिजे. तोच रस्ता, तीच हवा, तोच चालक, तोच क्षण.”

“तोच क्षण?” तक्तेसाहेब विचारात पडले. “म्हणजे चारही टायर एकाच वेळी एकाच रस्त्यावर चालले पाहिजेत.”

“बरोबर.”

“गाडीला चाकं चार आहेत,” तक्तेसाहेब हळूच म्हणाले.

मास्तरांनी आधी छताकडे पाहिलं, मग तक्तेसाहेबांना घट्ट मिठी मारली. आपल्या तत्त्वाचा कुणी इतका मनापासून वापर करील असं त्यांना वर्गातल्या चाळीस वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

टायरवाल्याचेही भरून आले, पण वेगळ्या कारणाने. “साहेब, चार पायांत चार कंपन्यांचे बूट घालतं का कुणी?”

“बूट नाहीत हो, नमुने आहेत. पुढे डावीकडे अ, पुढे उजवीकडे ब, मागे डावीकडे क, मागे उजवीकडे ड. नीट लिहून घ्या.”

टायरवाल्याने लिहून घेतलं. वर तक्तेसाहेबांकडूनही लिहून घेतलं की हे मी शुद्धीवर असताना स्वखुशीने करत आहे आणि दुकानाचं नाव कुठेही सांगणार नाही.

पहिल्या चाचणीला त्यांनी बायकोला बरोबर घेतलं. ती आकाशी रंगाचा, स्वतः शिवलेला नवा ड्रेस घालून आली आणि केसांवर त्याच कापडाचा रुमाल बांधला होता. तिला वाटलं, फिरायला चाललोय. गाडीत बसल्यावर तक्तेसाहेबांनी तिच्या मांडीवर वही ठेवली आणि हातात पेन्सिल दिली. “मी ‘अ’ म्हटलं की ‘अ’च्या खाली लिहायचं. आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून आवाज ऐकत राहा. रुमाल काढ, कानावर येतोय.”

तिने रुमाल काढला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

गाडी चालू झाली आणि तिचा स्वभाव प्रकट झाला. उजवीकडे वळायचं म्हटलं की ती नम्रपणे, जवळजवळ लाजत वळायची. डावीकडे म्हटलं की अंग आकसून सरळ जायची आणि एका चाकातून किंचाळी यायची. कोणत्या चाकातून हे कळायच्या आत बायको लिहायची, ‘अ ओरडला. का कोण जाणे.’ दोऱ्यांचं दुकान घरापासून डावीकडे दुसऱ्या वळणावर होतं. तीन वेळा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखं होतं, हे तक्तेसाहेबांनी शोधून काढलं, आणि या पद्धतीने पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ आणायला त्यांना पन्नास मिनिटं लागली.

“चालत गेलो असतो तर?” बायकोने विचारलं.

“चालण्यात टायरांची तुलना होत नाही.”

मास्तर वही वाचून गंभीर झाले. “यात एक दोष राहिलाय. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर वहिनींचा भार येतो. म्हणजे ‘अ’वर अन्याय. प्रत्येक टायर प्रत्येक कोपऱ्यावर बसला पाहिजे आणि तोही बाकीच्यांच्या सगळ्या अदलाबदलींसकट.” त्यांनी बोटांवर हिशेब केला. “चोवीस मांडण्या होतात. आठवड्याला एक धरली तर चोवीस आठवडे.”

“आणि उन्हाळा किती आठवड्यांचा असतो, भावोजी?” बायकोने आतून विचारलं.

“तो भूगोलाचा विषय आहे,” मास्तर म्हणाले.

दर सोमवारी टायरवाल्याकडे टायर उतरवायचे, जागा बदलून चढवायचे असा क्रम सुरू झाला. ब टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण होता, त्यामुळे बाजू बदलली की तो रिमवरून काढून उलटा बसवावा लागे. टायरवाला सोमवारी दुकान बंद ठेवू लागला, तर तक्तेसाहेब मंगळवारी जाऊ लागले. मांडणी बदलली की गाडीचा स्वभावही बदले. तिसऱ्या आठवड्यात ती थांबायला सांगितल्यावर वाकून नमस्कार केल्यासारखी पुढे झुकायची. सहाव्यात ती फक्त किंचित तिरकी राहूनच सरळ जायची आणि तक्तेसाहेब आपल्याकडे पाहतायत असं समजून फुटपाथवरचे अनोळखी लोक त्यांना हात करायचे. त्यांनीही परत हात करायला सुरुवात केली. ते स्वभावाने सभ्य होते.

नवव्या आठवड्यात तो चौक आला.

मधोमध गोल बाग आणि भोवती रस्ता, असा तो मोठा चौक. गोलाला वळसा घालायचा म्हणजे सतत उजवीकडे आणि बाहेर पडायचं म्हणजे डावीकडे. त्या आठवड्याच्या मांडणीत गाडीने डावीकडे वळणं पूर्ण वर्ज्य केलं होतं. तक्तेसाहेब मोठ्या झोकात चौकात शिरले आणि बाहेर पडू शकले नाहीत. पहिल्या फेरीत त्यांनी दिवा लावला, दुसऱ्या फेरीत हात बाहेर काढला. चौथ्या फेरीला बायकोने वही मिटली. सातव्या फेरीला बागेतली माणसं बाकावरून उठून कठड्यापाशी आली. अकराव्या फेरीला वाहतूक पोलीस रस्त्यात येऊन उभा राहिला आणि गाडी एकदाची थांबली.

“कुणाला शोधताय?”

“बाहेरचा रस्ता,” तक्तेसाहेब जमेल तितक्या रुबाबात म्हणाले.

पोलिसाने गाडीभोवती एक फेरी मारली, टायर पाहिले, “यांतला कुठला बरा वाटतो?” असं तक्तेसाहेबांनी विचारल्यावर दुसरी फेरी मारून पुन्हा पाहिले आणि गाडी ओढून थेट वाहन तपासणी कार्यालयात पाठवली.

तपासणी अधिकाऱ्यासमोर छापील अर्ज होता. “टायर कोणत्या कंपनीचे?”

“चार कंपन्यांचे.”

“रकाना एक आहे.”

“त्यात चार नावं लिहा.”

“मग या चार गाड्या होतात. चार गाड्यांचे चार अर्ज लागतील आणि प्रत्येक गाडीला चार चाकं दाखवावी लागतील. तुम्ही बारा चाकं लपवताय.”

एरवी तक्तेसाहेब खचले असते, पण रकान्याचा आदर करणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता. त्यांनी पिशवीतून तक्ता काढून टेबलावर उलगडला. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तो उभा राहिला. रेघांवरून त्याने अलगद बोट फिरवलं आणि विचारलं, “पट्टी कुठली वापरता?” पुढचा अर्धा तास ते दोघं जगाला विसरले. अधिकाऱ्याने एकोणचाळिसावा रकाना सुचवला. दाराशी बाकावर बसलेल्या बायकोला हसण्याचा आवाज ऐकू येत होता. आपल्या नवऱ्याला इतकं खळखळून हसताना तिने कधी ऐकलं होतं, हे तिला आठवेना.

मग अधिकाऱ्याचं बोट उजव्या कोपऱ्यात आलं आणि थांबलं. “ही चौकट कोरी का?”

“ती सक्षम अधिकारी भरतात.”

“तुमच्याकडे सक्षम अधिकारी कोण?”

“गाडी माझीच आहे. म्हणजे... मीच असणार.”

“मग कोरी का?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत तक्तेसाहेबांना मेमो मिळाला नव्हता, पण तो मिळाल्यावर कसं वाटत असेल हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अधिकाऱ्यालाही वाईट वाटलं, पण तो नियमाचा माणूस होता. आठ दिवसांच्या आत चौकट भरून, सही-शिक्क्यानिशी तक्ता सादर करायचा आणि चारही टायर निवडलेल्या नमुन्याचे बसवायचे, असा त्याने आदेश काढला. तोपर्यंत गाडी टायरच्या दुकानापर्यंत आणि या कार्यालयापर्यंतच न्यायची. पुढच्या काचेवर त्याने स्वतःच्या हाताने मोठा लाल कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, ‘निर्णय झालेला नाही’.

हा कागद साऱ्या कॉलनीने वाचला. डॉक्टर तर येता-जाता मोठ्याने वाचायचे. आठव्या दिवशीच घाटही बंद होणार होता, तोही संध्याकाळी, असं तक्तेसाहेब धरून चालले होते. बायकोने बहिणीला फोन करून “येतो गं” असं सांगितलं होतं, आणि हे ती उन्हाळ्यात पाचव्यांदा सांगत होती.

तक्तेसाहेब तक्त्यासमोर बसून राहिले. सगळ्या गुणांची बेरीज त्यांनी केली, तर ‘अ’ला दोनशे बारा आले, ‘ब’ला दोनशे बारा, ‘क’ला दोनशे बारा आणि ‘ड’ला दोनशे बारा. मास्तर म्हणाले की परिस्थिती पूर्ण समान केल्याचा हा पुरावाच आहे आणि प्रयोग यशस्वी झाला. तक्तेसाहेबांना रडू यायचं बाकी राहिलं. पेन हातात घ्यायचे आणि टोपण लावून पुन्हा खाली ठेवायचे. अ लिहिलं आणि ब चांगला निघाला तर? त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि टायरांसारख्या गोष्टीची भीती वाटते याची त्याहून जास्त लाज वाटत होती.

सातव्या दिवशी सकाळी बायको टेबलापाशी आली. तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, चौकटीत ‘ब’ लिहिलं आणि खाली सही केली.

“अगं, काय केलंस हे! कशाच्या आधारावर?”

“अंगठ्याने दाबून पाहिले चारही. कापड असंच बघतात.”

“कधी पाहिलेस?”

“पहिल्याच दिवशी. तुम्ही कागद फाडत होतात तेव्हा. टायरवाल्याच्या दुकानात जाऊन आले होते.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“विचारलंत का?” ती म्हणाली. “दहा आठवड्यांत तुम्ही पोलिसालासुद्धा विचारलंत कुठला टायर बरा म्हणून. मला वही दिलीत.”

तक्तेसाहेबांनी सगळे रकाने एकदा नजरेखालून घातले. मग मान खाली घातली. अगदी बारीक आवाजात म्हणाले, “चुकलंच माझं.”

“चुकलंच. आता उठा.”

टायरवाल्याने आणखी तीन ब टायर इतक्या झपाट्याने बसवले की दुकानाचं शटर उघडायलाही त्याला जास्त वेळ लागत असेल. आठव्या दिवशी सकाळी दोघं तपासणी कार्यालयात गेली. अधिकाऱ्याने सही पाहिली. “या कोण?”

“माझी पत्नी.”

“सक्षम आहेत?”

“हो,” तक्तेसाहेब म्हणाले. इतकं ठाम उत्तर त्यांनी जन्मात कुणाला दिलं नव्हतं.

“शिक्का?”

बायकोने पर्समधून शिवणकामाच्या पावत्यांवर मारायचा शिक्का काढून सहीवर दाबला. शिक्क्यावर मधोमध कात्री होती. अधिकाऱ्याने ती मान तिरकी करून पाहिली, समाधानाने मान हलवली आणि काचेवरचा लाल कागद काढून घेतला.

गाडी आता लोण्यावरून गेल्यासारखी चालत होती. बायकोने आकाशी ड्रेस घातला होता आणि केसांना रुमाल होता. फक्त गाडी मागून जरा बसल्यासारखी वाटत होती. त्यांनी गाडी थांबवून डिकी उघडली. डिकीत दोन मोठ्या बॅगा होत्या आणि त्यांच्या मधोमध चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन होतं.

“एका दिवसासाठी मशीन?”

“ताईकडे पडद्यांचं काम आहे,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघू लागली.

डोंगर जवळ आला. तक्तेसाहेबांच्या मनात मात्र कालपासून एक गोष्ट टोचत होती. “अगं, एक विचारू? मला पसंत केलंस तेव्हा... म्हणजे मीही अंगठ्यानेच?”

“साधारण तसंच.”

“किती होते?”

“कोण?”

“नमुने.”

“तीन.”

तक्तेसाहेबांनी गिअर बदलला, घसा साफ केला. “आणि मी, म्हणजे एकूण गुणांचा विचार करता, कितवा?”

ती इतकी हसली की तिला रुमालाने डोळे पुसावे लागले. उत्तर मिळालं नाही, कारण तेवढ्यात फाटा आला. फाट्यावरून डावीकडे घाट सुरू होत होता आणि तिथे घाटाचा पहारेकरी अडसराची दांडी हातात धरून उभा होता.

“वर जायचं असेल तर जा,” तो म्हणाला. “पण तासाभरात बंद करतोय. मग गाडी खाली येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यातच उघडणार.”

तक्तेसाहेबांनी ब्रेक दाबला. पुढचा उन्हाळा म्हणजे नऊ महिने. थंडीत दगड होणारे टायर. घरी वर्तमानपत्रवाला, वीजबिल, मास्तर. त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात घडी केलेला कागद आणि छोटी पट्टी होती. जाणे आणि न जाणे. दोनच नमुने, सोपा तक्ता होता. त्यांनी कागद अर्धा बाहेर काढला आणि त्यांना डिकीतलं शिलाई मशीन आठवलं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती सरळ समोर पाहत होती, हात मांडीवर, आणि या वेळी मांडीवर वही नव्हती. आपण घाट बंद व्हायच्या दिवशीच इथे पोचणार, हे तिला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

“तू काय म्हणतेस?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच विचारला होता.

“डावीकडे,” ती म्हणाली.

आणि गाडी डावीकडे वळली.